एनएफएस माउंटच्या टाइमआउट-रिट्रायची नोंद कशी ठेवता? आमच्याकडे टाइमओ=14 का होतं हे कुणालाच माहीत नाही

लॅबताई

नमस्कार मंडळी,

मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात संगणक विभागाच्या लॅब सांभाळते. तीन लॅब, 64 मशीन, सगळीकडे लिनक्स. मुलांच्या होम डिरेक्टरी एका जुन्या स्टोरेज सर्व्हरवर आहेत आणि तिथून एनएफएस 3 नं (दुसऱ्या मशीनवरची डिरेक्टरी नेटवर्कवरून वापरायची पद्धत) माउंट होतात, म्हणजे जोडल्या जातात. हे सगळं ज्या सरांनी उभं केलं ते पाच वर्षांपूर्वी निवृत्त झाले. काम फार नीट होतं त्यांचं. केबलींवर त्यांनी चिकटवलेल्या चिठ्ठ्या आजही वाचता येतात. पण एफएसटॅबमधल्या (काय कुठे माउंट करायचं ते सांगणारी फाइल) एका ओळीबद्दल त्यांनी कुठेही काही लिहून ठेवलेलं नाही, आणि त्या ओळीपायी गेल्या महिन्यात एका मुलीचं 19 तासांचं काम गेलं.

ओळीतले पर्याय असे आहेत: आरसाइझ=8192, डब्ल्यूसाइझ=8192, सॉफ्ट, टाइमओ=14, रिट्रान्स=2, इंटर. पहिले दोन म्हणजे एका वेळी किती बाइट वाचायच्या-लिहायच्या. टाइमओ म्हणजे उत्तराची वाट किती बघायची, रिट्रान्स म्हणजे किती वेळा पुन्हा विचारायचं. सॉफ्ट म्हणजे तेवढ्यात उत्तर आलं नाही तर चूक परत करायची, याच्या उलट हार्ड म्हणजे उत्तर येईपर्यंत विचारत राहायचं. इंटर म्हणजे अडकलेलं काम मधेच तोडू द्यायचं.

झालं ते सांगते. शेवटच्या वर्षाची मुलगी, पाण्याच्या प्रवाहाचं सिम्युलेशन. संध्याकाळी लावून घरी गेली. रात्री दोनच्या सुमाराला वीज गेली आणि मिनिटभरात जनरेटरवर परत आली. सर्व्हर यूपीएसवर, मशीनही यूपीएसवर. लॅब 3 चा स्विच मात्र भिंतीवरच्या कपाटात साध्या प्लगवर होता, तो बंद पडून पुन्हा सुरू झाला. सकाळी मुलगी आली तर पडद्यावर प्रोग्रॅम पूर्ण झाल्याचा संदेश आणि डिरेक्टरीत शेवटच्या अकरा फाइली शून्य बाइटच्या. एक फाइल मधेच तुटलेली. प्रोग्रॅमनं कसलीच तक्रार केली नव्हती. कर्नलच्या (लिनक्सचा गाभा) लॉगमध्ये मात्र एकच ओळ होती, सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, टाइम्ड आउट.

मी तोपर्यंत टाइमओ=14 म्हणजे 14 सेकंद असं धरून चालले होते. मॅन पान (कमांडसोबत येणारी माहिती) उघडलं तेव्हा कळलं की हे एकक सेकंदाचा दहावा भाग आहे. म्हणजे आमची मशीन 1.4 सेकंद थांबत होती. पाच वर्षं हा आकडा रोज माझ्या डोळ्यांसमोर होता.

ओळ मी बदलणारच आहे. पण माझा खरा प्रश्न वेगळा आहे. अशा सेटिंगची नोंद तुम्ही ठेवता का, आणि ठेवत असाल तर त्यात नेमकं काय लिहिता? मी वहीत "टाइमओ 600 केलं" एवढंच लिहिलं तर माझ्यानंतर येणारी व्यक्ती आज माझी जी अवस्था आहे त्याच अवस्थेत असेल. आकडा तर एफएसटॅबमध्येच आहे, तो वहीत उतरवून काय मिळवलं?

जुनी_तार

ताई, सर्वांत आधी त्या मुलीला सांगा की तिच्या प्रोग्रॅममध्ये फाइल बंद करताना परत येणारं उत्तर तपासायला हवं. लिहिलेला डेटा आधी मशीनच्या मेमरीत साठतो, सर्व्हरकडे नंतर जातो. तिथे चूक झाली तर ती राइटच्या वेळी कळत नाही, एफसिंकच्या (डेटा खरोखर पोचवून घेणं) किंवा क्लोजच्या (फाइल बंद करणं) वेळी कळते. क्लोजचं उत्तर शंभरातले नव्वद प्रोग्रॅम बघत नाहीत. म्हणून तिला "पूर्ण झालं" असं दिसलं. तिची चूक नाही, तिला हे कुणी शिकवलेलं नसतं.

आता 14 कुठून आलं ते. मी 1996 पासून या कामात आहे आणि हा आकडा त्या काळातल्या किती तरी मशीनवर पाहिलेला आहे. तेव्हा एनएफएस मुख्यतः यूडीपीवरून चाले, म्हणजे पाकीट पोचलं की नाही ते न बघणाऱ्या पद्धतीनं. 8192 बाइटचं एक उत्तर इथरनेटच्या 1500 बाइटच्या चौकटीत मावत नाही, त्याचे सहा तुकडे होतात. त्यातला एक हरवला की उरलेले पाच फुकट, आणि हरवलेला तुकडा परत मागायची यूडीपीत सोयच नाही. सबंध विनंती पुन्हा पाठवायची. म्हणून तेव्हा वाट बघायची वेळ छोटी ठेवत. लिनक्सच्या जुन्या मॅन पानात डीफॉल्ट 7 होतं, म्हणजे 0.7 सेकंद. गर्दीच्या नेटवर्कवर लोक ते दुप्पट करून 14 करत, आणि यूडीपीवर दर वेळी ही मुदत दुप्पट होत जाई. तुमच्या सरांनी केलं ते त्या काळी बरोबरच होतं.

टीसीपीवर ही सगळी गरज संपते. पाकीट हरवलं तर टीसीपी स्वतः परत पाठवतं, एनएफएसला त्यात लक्ष घालावं लागत नाही. म्हणून टीसीपीवर डीफॉल्ट 600 आहे, पूर्ण 60 सेकंद. जुना आकडा तसाच राहिला आणि त्याच्याखालचा रस्ता बदलला, असं तुमच्याकडे झालं आहे. सॉफ्ट, 1.4 सेकंद आणि रिट्रान्स 2 म्हणजे 4.2 सेकंदांत तुमच्या मशीननं हात वर केले. स्विच चालू झाल्यावरसुद्धा स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये चक्र होऊ न देणारी स्विचची व्यवस्था) जुन्या पद्धतीनं चालत असेल तर पोर्ट 15 सेकंद ऐकण्यात आणि 15 सेकंद शिकण्यात घालवतो. नुसते ते 30 सेकंदही तुमच्या 4.2 मध्ये बसत नाहीत, स्विच बूट व्हायचा वेळ तर वेगळाच.

आणखी एक. इंटर हा शब्द कर्नल 2.6.25 पासून फक्त वाचतो आणि सोडून देतो. अडकलेलं काम तोडायचं तर आता फक्त सिगकिल (प्रोग्रॅमला सक्तीनं मारणारा सिग्नल) चालतो. ओळीतले मेलेले शब्द काढून टाका, नाही तर पुढचा माणूस त्यांच्यावर भरवसा ठेवेल.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: आकड्याशेजारी तो कशासाठी होता ते लिहा. "टीसीपी आहे म्हणून 600" इतके चार शब्द असते तरी ज्या दिवशी यूडीपी गेलं त्याच दिवशी कुणाला तरी 14 खटकलं असतं.

लॅबताई

काका, "आकडा तसाच राहिला आणि खालचा रस्ता बदलला" हे वाचून बरं वाटलं. मी सरांवर मनातून रागावले होते, ते चुकलं माझं.

एक शंका आहे. तुम्ही 4.2 म्हणालात. मॅन पानात लिहिलंय की टीसीपीवर दर वेळी मुदत टाइमओइतकी वाढत जाते. मी हिशेब केला तो असा: पहिल्यांदा 1.4, मग 2.8, मग 4.2, एकूण 8.4. तसाच 600 चा केला तर 60, 120, 180 मिळून 360 सेकंद, सहा मिनिटं. तुमच्या रीतीनं तीनच मिनिटं होतात. नोंदीत कोणता आकडा लिहू?

जुनी_तार

ताई, वाद घालण्यापेक्षा मोजून बघा. एका मशीनवर आयपीटेबल्सनं (लिनक्सची फायरवॉल) 2049 पोर्टकडे, म्हणजे एनएफएसच्या पोर्टकडे, जाणारी पाकिटं गिळायला लावा, घड्याळ लावा, एक न वाचलेली फाइल उघडा. नोंदीत मोजलेला आकडा लिहा. मॅन पानावरून काढलेला आकडा आणि मोजलेला आकडा वेगळे निघाले तर दोन्ही लिहा.

मांडवी_रात्रपाळी

नमस्कार, पणजीहून. मी होस्टिंगच्या कामात रात्रपाळी करतो. हा धागा वाचून एक गोष्ट सांगावीशी वाटली, कारण नोंदींमध्ये मला हा घोळ सर्वांत जास्त दिसतो: रिट्राय आणि रिट्रान्स हे दोन वेगळे पर्याय आहेत. नावं इतकी जवळची की लोक एकाबद्दल लिहितात आणि दुसरा बदलतात.

रिट्रान्स हा चालू असलेल्या माउंटवरच्या एकेका विनंतीचा आकडा, किती वेळा पुन्हा विचारायचं तो. रिट्राय हा माउंट कमांडचा आकडा, आणि त्याचं एकक चक्क मिनिटं. पुढ्यात चालणाऱ्या माउंटसाठी 2 मिनिटं, पार्श्वभूमीला चालणाऱ्या बीजी माउंटसाठी 10000 मिनिटं. आठवड्याची मिनिटं होतात 10080, म्हणजे बीजी माउंट जवळजवळ एक आठवडा सर्व्हरचं दार वाजवत बसतो. एकाच ओळीत एक आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात, एक नुसती मोजणी, एक मिनिटांत. म्हणून आमच्या नोंदीत मी एककाशिवाय एकही आकडा राहू देत नाही.

हे मी भोगून शिकलो. एका ग्राहकाचा बॅकअप रोज पहाटे एनएफएसवर जायचा. माउंट बीजी होता. सर्व्हर दोन दिवस बंद होता, माउंट मागे शांतपणे प्रयत्न करत होता, आणि बॅकअपची स्क्रिप्ट रिकाम्या डिरेक्टरीत, म्हणजे त्याच मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर, लिहीत राहिली. तिसऱ्या पहाटे रूट डिस्क भरली आणि डेटाबेस थांबला. त्या नोंदीत बीजी लिहिलेलं होतं. बीजीचा परिणाम काय, ते लिहिलेलं नव्हतं.

आता मी दोन गोष्टी करतो. माउंट नसताना त्या रिकाम्या डिरेक्टरीला चॅटर +आय लावून ठेवतो, म्हणजे तिथे काहीच लिहिता येत नाही. आणि स्क्रिप्ट सुरू होताना फाइंडमाउंटनं आधी खात्री करते, माउंट नसेल तर तिथेच थांबते.

एफएसटॅबमध्ये बीजी लिहिलं असलं तरी सिस्टमडी (मशीन सुरू होताना सगळं चालू करणारी लिनक्सची यंत्रणा) ते जसंच्या तसं वापरत नाही, हेही ताईंच्या वहीत असू द्या. त्याचा जनरेटर बीजी दिसलं की माउंटची कालमर्यादा काढून टाकतो, रिट्राय=10000 धरतो आणि शेवटी एफजी (पुढ्यात चालव) आणि नोफेल (माउंट झालं नाही तरी मशीन सुरू होऊ दे) जोडतो. परिणाम तोच, पण चालू मशीनवर बघायला गेलात तर बीजी सापडणार नाही. म्हणून नोंद करताना फाइलमधली ओळ उतरवायची नाही. एनएफएसस्टॅट -एम चालवायचं आणि कर्नलनं प्रत्यक्षात काय घेतलंय ते उतरवायचं.

पुणे_रेंडर

थोडा वेगळा सूर लावतो. हार्ड माउंट बरोबर, डेटा वाचतो, सगळं मान्य. पण माणसांचं काय? आमच्याकडे अ‍ॅनिमेशनचं काम आहे, 30 आर्टिस्ट. स्टोरेज अडकलं की हार्ड माउंटवर सगळ्यांचे पडदे गोठतात. साधं डीएफ (डिस्कवरची जागा दाखवणारी कमांड) केलं तरी टर्मिनल गेलं. लोड अ‍ॅव्हरेज शंभराच्या वर दिसतो आणि सीपीयू रिकामा असतो. दहा मिनिटांत कुणी तरी बटण दाबून मशीन बंद करतं आणि न साठवलेलं काम जातं. म्हणजे हार्डनं डेटा वाचवला आणि माणसानं घालवला.

आम्ही म्हणून दोन भाग केले. रेंडर होऊन बाहेर पडणाऱ्या फ्रेम हार्ड. टेक्स्चरची लायब्ररी फक्त वाचायची असते, ती आरओ आणि सॉफ्ट, टाइमओ=150, रिट्रान्स=3, म्हणजे साधारण एका मिनिटात चूक परत येते आणि सॉफ्टवेअर "टेक्स्चर मिळालं नाही" असं सांगून पुढे जातं. कर्नल आणि साधनं नवी असतील तर सॉफ्टएरही आहे, त्यात ईआयओऐवजी (नुसती इनपुट/आउटपुट एरर) टाइमआउटची चूक येते, निदान कारण कळतं.

ताई, तुमच्या लॅबमध्ये सॉफ्टवेअरचा वेगळा शेअर असेल तर तो तरी सॉफ्ट ठेवा. मुलं तासाला बसलेली असताना 20 पडदे गोठणं बरं नव्हे.

जुनी_तार

रेंडरदादा, टेक्स्चरसाठी तुमचं बरोबर आहे. पण ज्या शेअरवरून प्रोग्रॅम स्वतः चालतो, त्याला सॉफ्ट लावू नका, फक्त वाचायचा असला तरी. चालू प्रोग्रॅमची सगळी पानं मेमरीत नसतात. लागेल तसं पान शेअरवरून येतं. ते आणताना सॉफ्ट टाइमआउट झाला तर प्रोग्रॅमला चूक हाताळायची संधीच मिळत नाही, सिगबस येतो आणि तो जागच्या जागी मरतो. मुलाचा न साठवलेला एडिटर गेला. पडदा दोन मिनिटं गोठणं त्यापेक्षा पत्करलं.

"वाचायचा की लिहायचा" एवढ्यावर हार्ड-सॉफ्ट ठरत नाही. चूक आली तर ती कुणाच्या हातात पडते आणि त्याला ती कळते का, यावर ठरतं. तुमच्या टेक्स्चरच्या बाबतीत ती अशा सॉफ्टवेअरच्या हातात पडते जे तपासतं. ताई, नोंदीत हेच लिहा: चूक कुणाला मिळणार.

पुणे_रेंडर

सिगबसचं मला माहीत नव्हतं. आमच्या प्लगइन त्याच सॉफ्ट शेअरवर आहेत आणि महिन्यातून एकदा सॉफ्टवेअर का मरतं याचं कारण आम्ही वर्षभर ग्राफिक्स कार्डात शोधतोय. उद्याच बघतो. धन्यवाद काका.

स्टुटगार्टकर

इथे जर्मनीत एका कारखान्याच्या व्हर्च्युअल मशीनचं काम बघतो. आमच्या डिस्क एनएफएसवर, वर ईएसएक्सआय (व्हर्च्युअल मशीन चालवणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर). तिथे टाइमओ नाहीच, दुसरीच भाषा आहे: दर 12 सेकंदांनी हार्टबीट (स्टोरेज जिवंत आहे का याची विचारणा), उत्तरासाठी 5 सेकंद, 10 वेळा चुकलं की डेटास्टोअर गेलं असं धरतात. 12 गुणिले 10 अधिक 5, एकूण 125 सेकंद. आत चालणाऱ्या लिनक्स मशीनची डिस्क मात्र मूळची 30 सेकंदच थांबते. व्हीएमवेअर टूल्स ती मुदत 180 करतं. ज्या मशीनवर टूल्स घातलेलं नाही तिथे 30 राहते, आणि स्टोरेज 40 सेकंदांसाठी गेलं तरी आतली फाइल सिस्टम रीड-ओन्ली होऊन बसते, वर सगळं हिरवं दिसत असताना.

यातून आम्ही एक पद्धत बसवली. एकेका सेटिंगची वेगळी नोंद ठेवत नाही. एकाच पानावर खालपासून वरपर्यंत सगळ्या थरांचे सेकंद एकाखाली एक लिहितो. स्विच किती वेळ जातो, स्टोरेजचा एक कंट्रोलर जाऊन दुसरा यायला किती, माउंट किती थांबतो, मशीनची डिस्क किती, आणि सर्वांत वर अ‍ॅप्लिकेशन किती. वरचा आकडा खालच्यापेक्षा मोठा हवा. एकाखाली एक लिहिले की चुकलेला आकडा दुसरीतल्या मुलालाही दिसेल. वेगवेगळ्या पानांवर असतील तर दहा वर्षांच्या अनुभवी माणसालाही दिसत नाही.

आकडा डीफॉल्ट असला तरी लिहावा का, असा प्रश्न पडतो नेहमी. ॲमेझॉन आपल्या ईएफएससाठी (त्यांची एनएफएस स्टोरेज सेवा) जी माउंटची ओळ सुचवतं तिच्यात हार्ड, टाइमओ=600, रिट्रान्स=2 हे तिन्ही उघड लिहिलेले असतात, लिनक्सवर तेच डीफॉल्ट असूनही. टाइमओ बदलायचाच असेल तर निदान 150 ठेवा, म्हणजे 15 सेकंद, असंही ते सांगतात. मला ती सवय आवडते. रिकामी जागा बघून "विसरले असतील" आणि "विचार करून सोडलं असेल" यातला फरक कळत नाही.

लॅबताई

मंडळी, मोजलं.

शनिवारी लॅब रिकामी होती. लॅब 1 मधल्या एका मशीनवर काकांनी सांगितलं तसं 2049 बंद केलं. आधी जुन्या ओळीनं. फाइल उघडायला सांगितली आणि चार सेकंदांच्या किंचित पुढे इनपुट/आउटपुट एरर. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच. मग हार्ड, टाइमओ=600, रिट्रान्स=2. लॉगमध्ये "नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्रायिंग" यायला तीन मिनिटं आणि एक-दोन सेकंद लागले. माझा सहा मिनिटांचा हिशेब चुकला, काकांचा बरोबर. मला आता असं समजलंय: 60 सेकंदांनी पहिल्यांदा पुन्हा विचारतो, त्यानंतर 120 थांबतो, आणि तिथे 180 ला एक फेरी संपली असं धरतो. हार्ड असेल तर ओळ छापून पुन्हा 60 पासून सुरू. म्हणजे फेरीची लांबी टाइमओ गुणिले (रिट्रान्स अधिक एक). रेंडरदादांचे 15 सेकंद गुणिले 4 बरोबर 60 हेही यात बसतं.

बंदी उठवल्यावर फाइल उघडली आणि लॉगमध्ये "ओके" आलं. हे मी पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिलं. पाच वर्षं मी मुलांना "अडकलं की रीस्टार्ट करा" असं सांगत आले होते.

मग लॅब 3 चा स्विच मुद्दाम बंद करून चालू केला. पिंग परत यायला 104 सेकंद. स्टुटगार्टकर दादांच्या पद्धतीनं एकाखाली एक लिहिलं: स्विच 104, माउंटची जुनी मुदत 4.2. लिहिल्यावर काही क्षण नुसती बघत राहिले. बाजूला नवी मुदत लिहिली, 180. म्हणजे नव्या सेटिंगवर ती रात्र पुन्हा आली तर लॉगमध्ये एक ओळसुद्धा उमटणार नाही, काम दीड-दोन मिनिटं थांबेल आणि पुढे सरकेल. स्विचही आता यूपीएसवर घेतलाय.

ही माझी नोंद. एफएसटॅबमध्ये त्या ओळीच्या वर टिप्पणी म्हणून थोडक्यात आहे, आणि पूर्ण मजकूर लॅबच्या वहीत. मराठीतच लिहिली, कारण माझ्या गैरहजेरीत ती वाचणार आमचे लॅब अटेंडंट. चुका सांगा.

"होम शेअर, तिन्ही लॅब. एनएफएस 3, टीसीपी. हार्ड, टाइमओ=600 (एकक सेकंदाचा दहावा भाग, म्हणजे 60 सेकंद), रिट्रान्स=2 (किती वेळा ते). हे टीसीपीचे डीफॉल्टच आहेत, मुद्दाम लिहिलेत. सर्व्हर गप्प झाल्यापासून 180 सेकंदांनी लॉगमध्ये 'नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्रायिंग' दिसतं. लॅब 1 मध्ये मोजून खात्री केली आहे. मॅन पानावरून हिशेब केला तर 360 वाटतात, ते बरोबर नाही.

ही ओळ दिसली म्हणजे मुलांचं काम गेलेलं नाही, थांबलेलं आहे. मशीन बंद करू नका, रीस्टार्ट करू नका. मुलांना सांगा, पडदा गोठला तरी बसून राहा. आधी स्विचचे दिवे बघा, मग सर्व्हर. डीएफ चालवू नका, तेही अडकेल, डीएफ -एल चालवा. सर्व्हर परत आला की 'ओके' दिसेल आणि काम जिथे थांबलं तिथून पुढे जाईल.

पूर्वी इथे सॉफ्ट, टाइमओ=14 होतं. ते यूडीपीच्या काळातलं होतं आणि तेव्हा योग्य होतं. टीसीपीवर ते 4.2 सेकंदांत चूक परत करत होतं, आणि लॅब 3 चा स्विच परत यायला 104 सेकंद लागतात. मार्चमध्ये एका विद्यार्थिनीच्या बारा फाइली गेल्या. कुणी पडदे गोठतात म्हणून पुन्हा सॉफ्ट करायला सांगितलं तर आधी हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा. स्विच, सर्व्हर किंवा एनएफएसची आवृत्ती बदलली तर हे सगळं पुन्हा मोजायचं."

जुनी_तार

ताई, माझ्या अख्ख्या नोकरीत टाइमआउटची अशी नोंद मी पाहिली नाही. "थांबलेलं आहे, गेलेलं नाही" हे वाक्य मी आमच्याकडे उचलतो.

शेवटच्या ओळीत आवृत्ती घातलीत ते चांगलं केलंत, कारण चौथ्या आवृत्तीत नियम बदलतो. आरएफसी 7530 (एनएफएस 4 चा मानक दस्तऐवज) प्रमाणे टीसीपी जोडणी शाबूत असेल तर क्लायंटनं तीच विनंती पुन्हा पाठवायची नाही, जोडणी तुटली तरच पाठवायची. वेळ मोजणं चालूच राहतं, लॉगमधली ओळ येते, सॉफ्ट असेल तर चूकही येते. पण रिट्रान्स हे नाव वाचून "दोन वेळा पुन्हा पाठवतो" असं जे डोळ्यांसमोर येतं, ते तिथे खरं नाही. शिवाय सर्व्हर रीस्टार्ट झाला की लिनक्सवर 90 सेकंदांचा ग्रेस काळ असतो, त्यात जुन्या क्लायंटना आपली लॉक परत मागता येतात आणि नव्या मागण्या थांबतात. सर्व्हर पिंगला उत्तर देतोय आणि तरी फाइल उघडत नाही, असं दीड मिनिट दिसेल. कुणी तरी घाबरून तेवढ्यात पुन्हा रीस्टार्ट करतं आणि 90 सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. नवा सर्व्हर घ्याल तेव्हा हे पान आधी भरा, मग माउंट करा.

मांडवी_रात्रपाळी

ताई, एकच विचारतो. एफएसटॅब बदललंत ते 64 मशीनवर. एनएफएसस्टॅट -एम किती मशीनवर चालवून पाहिलंत?

लॅबताई

दादा, तुम्ही विचारलंत म्हणून आत्ता सगळ्या मशीनवर चालवून आले.

55 मशीनवर 600 आणि हार्ड दिसतं. 9 मशीनवर अजून 14 आणि सॉफ्ट. ती नऊ मशीन प्रोजेक्टवाल्या मुलांची आहेत, आठवडाभर बंदच केलेली नाहीत. मी रीमाउंट करून बघितलं तर कमांडनं नकार दिला. टाइमओ चालू माउंटवर बदलता येत नाही, अनमाउंट करून नव्यानंच माउंट करावं लागतं. म्हणजे फाइल वाचून मी आज कुणालाही सांगितलं असतं की 64 च्या 64 मशीन ठीक आहेत, आणि जी मुलं रात्रभर काम लावतात नेमकी त्यांचीच मशीन जुन्या 4.2 सेकंदांवर राहिली असती. ती 19 तासांवाली मुलगीही त्यांच्यातच आहे. तिनं सिम्युलेशन पुन्हा लावलंय, परवा रात्री संपेल.

तिला भेटून सगळं समजावलं. तोवर तिच्या प्रोग्रॅमचं आउटपुट मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर वळवलंय, ते तिनं पुढच्या पायरीला थांबवून करू दिलं. बाकी आठ जणांनाही आज निरोप गेलाय. सोमवारी सकाळी नऊ मशीन रिकामी झाली की अनमाउंट करून पुन्हा माउंट करेन आणि सगळीकडे एनएफएसस्टॅट -एम बघेन. वहीतल्या नोंदीखाली तारखेची जागा तोपर्यंत कोरी ठेवली आहे.